न्यूट्रल आणि न्यूटन

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा आहे ‘गतीचे नियम’. जूनमध्ये शाळा उघडते, वेल्ह्याकडं पावसाची झड बसते, थोड्याच दिवसांत भातलावणी सुरू होऊन वर्ग निम्मा रिकामा होतो, आणि अशात फळ्यावर न्यूटनचा पहिला नियम येतो. बाहेरून बल लागलं नाही तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगानं सरळ रेषेत चालत राहते. पहिल्या अर्ध्याला पोरं माना डोलावतात. दगड आपला आपण हलत नाही हे सांगायला न्यूटन कशाला हवा? दुसऱ्या अर्ध्याला मात्र कुणाचाच अनुभव साक्ष देत नाही. परीक्षेत दोन्ही अर्धे लिहिले की मार्क मिळतात, म्हणून तक्रारही कुणी करत नाही.

तक्रार करणारे एक मामा भोरात आहेत. त्यांचा जन्म एसटीच्या स्टिअरिंगवर गेला. भोरवरून नीरा-देवघरच्या पाण्याकडेनं हिर्डोशी, तिथून वाघजाईशी वरंध घाटाच्या तोंडाला आणि खाली माझेरीवरून महाड, हा रस्ता त्यांच्या हातापायांना पाठ आहे. त्यांची भाची वेल्ह्याच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. (तालुक्याचं नाव आता सरकारदरबारी राजगड झालं आहे, बोलण्यात अजून वेल्हेच.) सुट्टीत ती मामांकडं आली की वाद ठरलेला. पुढची बोलणी मी जुळवून घेतली आहेत. क्रम माझा, मुद्दे त्यांचे. माझा कल भाचीकडं आहे हे आधीच सांगून टाकतो, पण मामांना हरवणं वाटतं तितकं सोपं नाही.

मामा : तुझं ते पहिलं वाक्यच खोटं आहे बघ. जोर असेल तोवर गाडी चालते, जोर काढला की थांबते. कापूरहोळच्या सपाटीला ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ, थोडी पुढं जाईल आणि उभी राहील. कायम चालत राहिलेली वस्तू कुणी बघितलीय? तू बघितलीस?

भाची : थांबते हे खरं. पण आपण होऊन थांबत नाही मामा, तिला थांबवतात. टायर आणि रस्ता, बेअरिंग, समोरचा वारा, सगळे मिळून मागं ओढत असतात.

मामा : शेवटी थांबतेच ना? मग पोरांना थांबणारी गाडी शिकव. न थांबणारी कशाला शिकवतेस?

हे अडाण्याचं बोलणं समजू नये. रेटा असेल तोवरच गती, हे ॲरिस्टॉटलचं मत, आणि शहाण्यासुरत्या माणसांनी ते जवळजवळ दोन हजार वर्षं मानलं. ज्यानं हातगाडी ढकलली आहे, चिखलात बैल जुंपले आहेत, त्याला दुसरं काही वाटणं शक्यच नाही. घर्षण इतकं सगळीकडं आहे की ते वेगळं असं दिसतच नाही.

भाची : गॅलिलिओनं काय केलं, सांगू? एका उतरत्या फळीवरून गोळी सोडली आणि समोर तिला चढ ठेवला. गोळी जिथून सोडली त्याच्या जवळपास तेवढ्याच उंचीवर चढते. मग समोरचा चढ थोडा निजवला. उंची तीच गाठायची, म्हणून गोळी जास्त लांब गेली. आणखी निजवला, आणखी लांब. आता चढ पार काढूनच टाकला आणि पुढं सपाट ठेवलं तर?

मामा : तर जाईल बरीच लांब आणि थांबेल.

भाची : का थांबेल? चढ नाही. फळी गुळगुळीत करत नेली तर दर वेळी ती आणखी पुढं जाते. थांबण्याचं कारण आपण एकेक करून काढून घेतोय. सगळंच काढलं तर थांबायला कारण काय उरतं?

मामा : ही गोष्ट झाली, पुरावा नव्हे. सगळंच काढून टाकलेली फळी कुठल्या सुताराकडं मिळते?

भाची : १९७७ साली व्हॉयेजर १ नावाचं यान सोडलंय. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरनं अजून चाललंय. मागून रेटणारं इंजिन नाही.

मामा : ते आभाळात. माझा रस्ता भोरातनं जातो.

भाचीनं आभाळ सोडलं आणि रस्त्यावर आली, हे बरं केलं. भोर-वेल्ह्याचा माणूस पुण्याला निघाला की कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडतो आणि नवले पुलाकडं उतरायला लागतो. सातारा-बंगळूरकडून येणारे अवजड ट्रक त्याच उतारावर असतात, आणि डिझेल वाचवायला त्यांतले काही गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. खाली नऱ्हे, आंबेगाव, वडगावची गर्दी तुंबलेली. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एका उतरत्या अवजड गाडीनं अनेक वाहनं ठोकरली. त्याच्या आधीही अपघात झाले होते, नंतरही झाले. या दोन तालुक्यांतलं बहुतेक प्रत्येक घर त्या उतारावरून जातं-येतं.

भाची : तुमच्या हिशेबानं ट्रकला जोर कुणाचा? इंजिन तर न्यूट्रलमध्ये.

मामा : उताराचा.

भाची : मग उतार संपला की जोर संपला. ट्रक तिथंच थांबायला पाहिजे.

मामा : असा कसा थांबेल? तोवर गाडीच्या अंगात आलेलं असतं. ते उतरायला वेळ लागतो.

भाची : हे ‘अंगात आलेलं’ गॅलिलिओच्या आधीचे पंडितही म्हणायचे. पण त्यांतल्या बऱ्याच जणांना वाटायचं ते आपोआप ओसरतं. तसं ते ओसरत नाही. कुणीतरी उतरवावं लागतं. ब्रेकनं उतरवा, घर्षणानं उतरवा, नाहीतर पुढच्या गाडीनं.

मामा : पुढच्या गाडीनं उतरवलं की पेपरात येतं.

यावर भाचीनं वही काढली. शंभर मीटरला चार मीटर असा उतार धरू, ती म्हणाली, आणि फक्त एक किलोमीटर. म्हणजे ट्रक ४० मीटर खाली येतो. सगळ्यात वर तो उभा आहे, म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. घर्षण नाही असं माना. (इथं मामांनी ‘माना’ला हात जोडले.) तर तळाशी वेगाचा वर्ग होतो दोन गुणिले ९.८ गुणिले ४०, म्हणजे ७८४. वर्गमूळ २८. सेकंदाला २८ मीटर, ताशी शंभर किलोमीटर. डिझेलचा एक थेंब न वापरता, उभ्या ट्रकानं, एका किलोमीटरमध्ये.

मामा : वजन कुठं आलं यात?

भाची : आलंच नाही. वस्तुमान दोन्ही बाजूंना असतं, कटून जातं. रिकामा ट्रक असो की भरलेला, तळाशी वेग सारखाच.

मामा : झालं! हेच ते. भरलेली गाडी उतारावर जास्त पळते हे क्लीनरसुद्धा सांगेल. पुस्तकात ती सारखी पळते. आता तुझं पुस्तक खरं मानू की गाडी?

या प्रश्नावर बरेच मास्तर चिडतात आणि पोराला खाली बसवतात. भाचीनं तसं केलं नाही. दिवाळीच्या पुढं-मागं खळ्यात जे चालतं, तिथं ती गेली. भोर-वेल्ह्यातल्या पोराला जडत्व शिकवायला पुस्तकातलं नाणं आणि पुठ्ठा लागत नाही. भाताची पेंढी दोन्ही हातांनी धरून फळीवर आपटली की पेंढी थांबते, दाणे थांबत नाहीत. ते आपल्या वेगानं पुढं जातात आणि लोंबीपासून सुटतात. मग उफणणी. सूप डोक्याच्या वर धरून वाऱ्याच्या अंगानं भात सोडायचा. भरलेला दाणा पायाशी पडतो, पोचट त्याच्या पुढं, आणि फोलपट पार खळ्याच्या कडेला जाऊन बसतं.

भाची : एकाच सुपातून, एकाच उंचीवरून सोडलेलं. हवा नसती तर दाणा आणि फोलपट एकदमच खाली आले असते, एकाच जागी. हवा दोघांनाही ढकलते. आकारानं दोघं जवळपास सारखे, म्हणून ढकलणंही जवळपास सारखं. पण दाण्याच्या वजनापुढं ते ढकलणं किरकोळ आहे आणि फोलपटाच्या वजनापुढं भारी. तुमचा रिकामा ट्रक फोलपट आहे. समोरचा वारा भरलेल्याला लागतो तेवढाच त्याला लागतो, पण त्याला तो जास्त अडवतो.

मामा : म्हणजे मी म्हणालो तेच.

भाची : तुम्ही म्हणालात तेच. टायर आणि वारा धरून ढोबळ हिशेब केला तर पंचवीस टनांचा भरलेला ट्रक ताशी ऐंशीच्या थोडा वर जातो, नऊ टनांचा रिकामा सत्तरच्या आसपास. पण हा दहाचा फरक कुठून आला हे मला कळलं, कारण आधी मी दोघांना सारखं मानलं. सुरुवातीलाच ‘भारी ते जास्त पळतं’ म्हणून बसले असते तर वाऱ्याकडं बघितलंच नसतं.

मामांनी मान डोलावली नाही, पण तो मुद्दा पुढं ताणलाही नाही. माझ्या मते ‘घर्षण नाही असे माना’ या वाक्याची एवढी नीट बाजू मी पाठ्यपुस्तकात कधी वाचलेली नाही. पुस्तक ते वाक्य हुकमासारखं देतं आणि पुढं जातं. घर्षण नंतर परत आणायचं असतं, हे सांगायचं राहून जातं. मग पोरांना वाटतं की विज्ञान कुठल्यातरी दुसऱ्याच गावचं आहे.

मामा : वेगाचं सोड. भरलेल्या गाडीची खरी भानगड वेगात नाहीच, ब्रेकात आहे. वाघजाईशी गाड्या उभ्या राहतात ना, भजी खायला? तिथं उतर आणि महाडवरनं चढून आलेल्या गाडीच्या चाकाशी जा. काही नाही. परत जाताना, घाट उतरून माझेरीला टेकलेल्या ट्रकच्या चाकाशी जा. लायनिंगचा करपट वास. ड्रमवर पाणी टाकलं तर चर्र करतं. आणि पाणी टाकायचं नसतं, ड्रम तडकतो.

भाची : ती उष्णता किती, मोजू?

मामा : मोज. तुला त्याशिवाय झोप यायची नाही.

भाची : पंचवीस टन चाळीस मीटर खाली आले. एम जी एच. पंचवीस हजार गुणिले ९.८ गुणिले ४०. अठ्ठ्याण्णव लाख ज्यूल. गाडी न्यूट्रलमध्ये असेल, टायर-वारा सोडून दिले आणि वेग वाढू द्यायचा नसेल, तर एवढी सगळी ऊर्जा ब्रेकनं गिळायची, आणि ब्रेकला ती उष्णता करूनच गिळता येते. एक लिटर पाणी तीस अंशांवरून उकळायला सुमारे तीन लाख ज्यूल लागतात. म्हणजे किलोमीटरभर उतारात ब्रेकांमध्ये तेहतीस लिटर पाणी उकळेल. दोन बादल्या. तुमचा वरंध घाट एक किलोमीटरचा नाही.

मामा : आणि बादल्या चाकात ठेवायला जागा नाही.

भाची : नाही. लोखंडात आणि लायनिंगमध्येच ती मुरते. ड्रम तापून फुगतो, लायनिंगपासून लांब सरकतो, लायनिंगची पकडही तापल्यावर कमी होते. पाय तेवढाच दाबला तरी गाडी तेवढी थांबत नाही.

मामा : त्याला आम्ही ब्रेक सुटला म्हणतो. सुटलेला नसतो, थकलेला असतो. आणि थकला की नवशिक्या काय करतो? पाय सोडतो-दाबतो, सोडतो-दाबतो. दर वेळी ब्रेकची हवा उतरते. इंजिन बंद केलेलं असलं तर कॉम्प्रेसर बंद, हवा भरायला कुणी नाही. पॉवर स्टिअरिंग दगड होतं. मग त्याला देव आठवतात.

भाची : आणि हे सगळं डिझेलसाठी. गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर पाय काढला तर इंजिनाला चाकंच फिरवतात, पंप डिझेल जवळजवळ तोडूनच टाकतो. न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहायला डिझेल प्यावं लागतं. ज्या उतारावर ब्रेक मारतच उतरायचं आहे तिथं न्यूट्रलनं वाचत काहीच नाही.

मामा : हे कुणी ड्रायव्हरला सांगितलं पाहिजे.

भाची : मी नववीला सांगते. त्यांतलेच ड्रायव्हर होणार आहेत.

मामांच्या उस्तादानं त्यांना घाटाचा एकच नियम दिला होता, आणि तो अवजड गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी दिलेला असतो : ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. मामांनी तो सांगितला आणि सहज पुढं जोडलं, की दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की काटा विसावर चिकटतो. पुढं सरकत नाही, मागं येत नाही. ब्रेकला पाय लावावाच लागत नाही. भाची ताठ बसली.

भाची : पुन्हा सांगा. ब्रेक न लावता काटा हलत नाही?

मामा : गिअर बरोबर निवडला असेल तर नाही हलत. एका चालीनं खालपर्यंत.

भाची : काटा हलत नाही म्हणजे त्वरण शून्य. त्वरण शून्य म्हणजे एकूण बल शून्य. उतार जेवढं पुढं ओढतोय, बरोबर तेवढंच इंजिन, टायर आणि वारा मिळून मागं ओढतायत. पंधरा टनांची बस, शंभराला सहा मीटरचा उतार धरला तर ८,८०० न्यूटन. नऊशे किलोचं वजन अधांतरी तोलून धरायला लागेल एवढं. मामा, तुम्ही मागची सगळी ओढ मोजून दिलीत मला. हे पुस्तकात नाही.

मामा : मी काय मोजलं? काटा बघितला.

भाची : आणि दुसरं. एकूण बल शून्य, आणि तरी बस चाललीय. विसाच्या वेगानं. मघाशी म्हणालात जोर नसेल तर थांबते.

मामा : शून्य कसलं गं? इंजिन आरडतंय, गिअरबॉक्स तापतोय, पुढचे-मागचे दोघंही जीव खाऊन ओढतायत आणि तू त्याला शून्य म्हणतेस? रस्सीखेच बरोबरीत चाललीय म्हणून दोर ढिला असतो का?

हा टोला मला फार आवडला. संतुलित बलांचं चित्र पुस्तकात असतं : एक ठोकळा, दोन बाजूंना दोन सारखे बाण, उत्तर शून्य. बघणाऱ्याला वाटतं तिथं काहीच चाललेलं नाही. प्रत्यक्षात उतरणारी बस दर सेकंदाला आपली उंची देऊन टाकत असते, आणि ती इंजिनाच्या सिलिंडरात, रेडिएटरच्या पाण्यात, टायरच्या रबरात उष्णता होऊन जात असते. वेग बदलत नाही एवढंच शून्यानं कळतं. किती झीज चालली आहे ते मामांच्या कानाला कळतं. भाचीनंही हे मान्य केलं. फक्त म्हणाली, की वेगाचा प्रश्न आणि झिजेचा प्रश्न वेगळे आहेत. एकाचं उत्तर बलांच्या बेरजेत, दुसऱ्याचं ऊर्जेच्या हिशेबात, आणि पुस्तकातही त्याचे दोन धडे वेगवेगळे आहेत. मामा म्हणाले, गाडी एकच आहे.

वळणांबद्दल दोघांचं लवकर जुळलं. वळणावर गाडी बाहेर फेकते असं मामा म्हणाले, भाची म्हणाली फेकत कुणीच नाही : तुम्ही सरळ जात असता, बस तुमच्याखालून वळते. नावं दोन, पण दोघांचाही उपाय एकच. पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्या रस्त्यावर टायरची पकड बसच्या वजनाच्या साठ टक्के धरली तर ताशी चौतीसपर्यंत गाडी वळते. पावसात पकड निम्मी झाली तर चोवीस. मामा अशा वळणावर पावसात वीस धरतात आणि ब्रेक वळणाच्या आधी संपवतात. टायरची पकड ही एकूण एकच शिल्लक आहे, ब्रेकवर खर्च केली की वळायला उरत नाही, हे त्यांना सूत्राशिवाय ठाऊक आहे. पावसाळ्यात वरंध घाट अवजड गाड्यांना बंद करतात तो मुख्यतः दरडींमुळं, पण या हिशेबानंही काही बिघडत नाही.

खरं भांडण त्यानंतर झालं.

मामा : मग माझं म्हणणं एवढंच. आधी अंगाला कळू दे. पोराला घाटात ने, गिअरचा आवाज ऐकव, करपट वास घ्यायला लाव. सूत्र नंतर सांग. तुम्ही उलटं करता. सूत्र आधी, घाट कधीच नाही.

भाची : अंगाला सगळं कळत नाही मामा. वेग दुप्पट झाला की थांबायला किती जागा लागते?

मामा : दुप्पट. थोडी जास्त.

भाची : चौपट. ब्रेक लागल्यापासूनची. चाळीसनं जाताना साधारण बारा मीटर लागत असतील तर ऐंशीला अठ्ठेचाळीस. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद वेगळा. त्या सेकंदात ऐंशीची गाडी बावीस मीटर निघून गेलेली असते. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग आहे, तो अंगाला जाणवतच नाही. उलट हायवेला शंभरनं तासभर गाडी मारून फाट्याला आत वळलात की साठ म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. अंग असं फसवतं.

मामा : म्हणून तर काटा असतो. अंगावर विश्वास ठेवू नको, काट्यावर ठेव, हे मी सांगतोच की नव्या पोरांना.

भाची : काट्याला चौपट कळत नाही. तो फक्त ऐंशी दाखवतो. ऐंशीचे चौपट कुणीतरी आधी वहीवर करून ठेवायला लागतात. तुमची पद्धत वीसच्या वेगाला चांगली आहे. वीसला चुकलात तर उद्या पुन्हा शिकायला मिळतं. ऐंशीला अंगाला कळू द्यायचं म्हटलं तर कळलेला माणूस सांगायला येत नाही.

मामा : आणि तुझी पद्धत? पोरगं वहीत चौपट लिहितं, पैकीच्या पैकी घेतं, आणि संध्याकाळी वेल्ह्याजवळच्या पाबे घाटातनं स्कूटर बंद करून उतरतं. पेट्रोल वाचवायला. बघितलेत मी. पाठीमागं अजून एक बसवलेलं. स्कूटर बंद केली की तिचं इंजिन काही धरत नाही, सगळा भार दोन ब्रेकांवर. तुझ्या वहीतलं पोरगं आणि ते पोरगं एकच आहे.

या आरोपाला भाचीकडं उत्तर नव्हतं आणि माझ्याकडंही नाही. गणित सुटणं आणि गणित उतारावर आठवणं यांच्यामध्ये काहीतरी लागतं, ते शाळेत मिळत नाही. उस्तादाकडं मिळतं, पण उस्ताद प्रत्येकाच्या नशिबी नसतो, आणि उस्तादाचा नियम त्यानं पाहिलेल्या रस्त्यापुरताच चालतो. मामांचा नियम वरंध घाटात तंतोतंत खरा आहे. सहापदरी हायवेच्या लांबलचक, डोळ्याला जवळजवळ सपाट दिसणाऱ्या उतारावर तो कुणाला आठवतच नाही, कारण तिथं घाट आहे असं वाटतच नाही. शंभराला चार डोळ्याला दिसत नाहीत. ते मोजावेच लागतात.

भाची : मग वर्गावर या. एक तास तुम्ही घ्या.

मामा : बाकावर बसलेल्या पोरांना घाट कसा सांगू? पाबे घाटात आण त्यांना.

भाची : अख्खा वर्ग, रस्त्यावर? शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची काय गर्दी असते तिथं.

मामा : मंगळवारी आण. पाऊस गेल्यावर आण. दहा-दहा पोरं आण.

भाची : उतार मोजायचा कशानं?

मामा : गवंड्याची लेव्हलची नळी आहे ना, पाणी भरलेली. दहा मीटर रस्ता धरायचा, एक टोक वर, एक खाली, दोन्हीकडं पट्ट्या उभ्या. पाणी सांगेल फरक.

भाची : साठ सेंटिमीटर आला तर शंभराला सहा.

मामा : तेवढा येईल एखाद्या ठिकाणी. गाडी माझ्या पुतण्याची पिकअप. एकदा रिकामी उतरवायची, एकदा भाताची पोती भरून. काटा किती दाखवतो ते पोरांनी लिहायचं. गिअर बदलून पुन्हा लिहायचं.

भाची : पोरं गाडीत बसणार नाहीत. कडेला उभी राहतील आणि दोन खुणांमधलं अंतर किती सेकंदांत कापलं ते मोजतील.

मामा : चालेल. गाडीत मी आणि पुतण्या.

भाची : आणि न्यूट्रलमध्ये एकदाही नाही.

मामा : खुळी का काय तू? न्यूट्रलचं फळ्यावरच कर.